काळ्या बंपरवर पांढरे-तांबडे डाग पडलेत? डिझेलचं फडकं फिरवण्याआधी हे वाचा

जूनच्या शेवटी खोडाळ्याच्या नाक्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या पिकअपची तोंडं बघा. कुणी विहीगाववरून कसाऱ्याच्या दिशेने चाललंय, कुणी जव्हारकडून आलंय, कुणाच्या हौद्यात भाजीच्या जाळ्या आहेत, कुणाच्या हौद्यात सिमेंटच्या गोण्या. गाड्या वेगवेगळ्या, पण एक गोष्ट सगळ्यांची सारखी. पुढचा काळा बंपर आता काळा राहिलेला नाही.

खालच्या बाजूला तांबड्या मातीचा थर. मधे पांढरे ओघळ. चाकाच्या वरच्या काळ्या पट्टीवर डांबराचे ठिपके. आणि उरलेला भाग राखेसारखा करडा.

मग कुणीतरी सल्ला देतं, "डिझेलचं फडकं मार, नवा दिसेल."

मारून बघितलं की खरंच नवा दिसतो. फोटो काढून स्टेटसला ठेवण्याइतका नवा. पण दुसऱ्या दिवशी त्यावर धुरळा चिकटतो, दोन पावसात तो उतरतो आणि आठवड्याने बंपर आधीपेक्षा जास्त चट्ट्यापट्ट्यांचा होतो. मग पुन्हा डिझेल. असं करता करता तीन-चार वर्षांत बंपर असा होतो, की गाडी विकायला काढली तर गिऱ्हाईक इंजिन बघायच्या आधीच भाव पाडून मागतं.

आता प्रश्न असा, की पत्र्यावरचा डाग घासून निघतो, मग या काळ्या भागावरचा का निघत नाही? आणि डिझेल लावल्यावर तो एका मिनिटात काळा कसा होतो?

उत्तर समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

हा रंग नाहीच, मग घासताय काय?

गाडीच्या पत्र्यावर रंगाचे थर असतात. खाली प्रायमर, मग रंग, आणि बहुतेक गाड्यांना वर पारदर्शक लॅकर. वरच्या थरावर ओरखडा आला किंवा डाग पडला तर पॉलिश मारून तो थर अगदी किंचित घासतात आणि चमक परत येते.

काळ्या बंपरला यातलं काहीच नसतं. बोलेरो पिकअप, टाटा इंट्रा, अशोक लेलँड दोस्त अशा मालवाहू गाड्यांवर जे काळं, चमक नसलेलं प्लास्टिक दिसतं, त्यातल्या बऱ्याचशा भागावर रंगच मारलेला नसतो. प्लास्टिक साच्यात ओततानाच त्यात काळा रंग मिसळलेला असतो. हे प्लास्टिक म्हणजे बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन, आणि त्यात ठोकर सहन व्हावी म्हणून थोडं रबर आणि कडकपणा यावा म्हणून टाल्क नावाच्या दगडाची पांढरी पूड.

पॉलिप्रॉपिलीन तुमच्या ओळखीचं आहे. लग्नाच्या मांडवात असतात त्या प्लास्टिकच्या खुर्च्या याच्याच. जेवणाचे डबे, बादल्या, सिमेंटच्या विणलेल्या गोण्या, सगळीकडे तेच. इटलीच्या जुलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये या प्लास्टिकचं आजचं उपयोगी रूप तयार केलं. अशा प्लास्टिकवरच्या कामासाठी त्यांना आणि जर्मनीच्या कार्ल त्सीग्लर यांना मिळून १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता बंपरवर बोट फिरवून बघा. खरखरीत लागतो. हा खरखरीतपणा मुद्दाम दिलेला असतो. त्याच्या बारीक उंचवट्यांवर प्रकाश पडला की तो सगळ्या दिशांना विखुरतो, म्हणून चमक दिसत नाही. यालाच आपण मॅट फिनिश म्हणतो.

इथेच सगळी गंमत आहे. डाग उंचवट्यांवर बसत नाही, तो मधल्या खळग्यांत बसतो. तुम्ही वरून जोरात घासलंत तर घासले जातात ते उंचवटे. खळग्यातला डाग तिथेच राहतो, उंचवटे मात्र सपाट होतात आणि तेवढा भाग कायमचा चकचकीत दिसायला लागतो. डाग एक होता, आता दोन झाले. आणि हा दुसरा डाग कुठल्याही साबणाने निघत नाही.

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा. पत्र्यावरचा डाग घासून काढतात, मॅट प्लास्टिकवरचा डाग भिजवून, सुटा करून उचलून काढतात.

मग डिझेलने काळं का दिसतं?

पावसाळ्यात घाटातला कातळ बघितलाय ना? कोरडा असताना तो करडा दिसतो आणि ओला झाला की काळाभोर. कातळाचा रंग बदललेला नसतो. त्याच्या खडबडीत अंगावर पाण्याचा थर बसतो, प्रकाश कमी विखुरतो आणि आतला खरा रंग दिसतो.

डिझेल बंपरवर नेमकं हेच करतं. बारीक खळगे आणि भेगा तात्पुरत्या भरतात. डाग तिथेच असतो, फक्त झाकला जातो.

फरक एवढाच, की पाणी वाळून जातं आणि डिझेलचा तेलकट अंश मागे उरतो. त्यावर धूळ बसते आणि खळग्यांत घट्ट होते. शिवाय पॉलिप्रॉपिलीन डिझेलमध्ये विरघळत नसलं तरी ते हळूहळू आत शोषलं जातं. बंपरमध्ये मिसळलेलं रबर आणि दाराभोवतीची रबरी बीडिंग यांना तर पेट्रोल-डिझेल मुळीच चालत नाही. ते रबर फुगतं आणि सैल होतं. मग पावसात दारातून पाणी आत येतं आणि दोष दिला जातो गाडीला.

आधी तीन तपासण्या, खर्च शून्य

१. चुंबक लावून बघा. जुन्या स्पीकरचं किंवा फ्रीजवरचं चुंबक घ्या. चिकटलं तर तो भाग लोखंडी पत्र्याचा आहे आणि त्यावर काळा रंग मारलेला आहे. त्याला हा लेख लागू नाही. नाही चिकटलं तर बहुधा प्लास्टिक.

२. सावलीतला भाग बघा. बंपरच्या खालची कड, नंबर प्लेटच्या मागचा भाग, चाकाच्या पट्टीची आतली बाजू. तिथे ऊन लागत नाही. तिथला काळा हा तुमच्या बंपरचा मूळ काळा.

३. साध्या साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून मग बघा. ओल्या बंपरवर काहीच कळत नाही, कारण ओला बंपर नेहमीच काळा दिसतो. वाळल्यावर ठिपके, ओघळ किंवा चट्टे दिसले तर ते डाग आहेत आणि ते निघू शकतात. पण उन्हाची सगळी बाजू एकसारखी करडी आणि सावलीतली कड काळी असेल, तर तो डाग नाही. प्लास्टिक उन्हाने विटलंय. त्याचा इलाज वेगळा, तो खाली दिलाय.

ही तिसरी तपासणी न करताच लोक तासन् तास घासत बसतात. जे निघणारच नाही ते काढायला जातात आणि मॅट फिनिश घालवून बसतात.

आता डाग ओळखा आणि त्याप्रमाणे काढा

कुठलाही उपाय आधी खालच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा बोटभर जागेवर करून बघा. वाळू द्या. ठीक वाटलं तरच पुढे जा.

तांबडी माती. जव्हार-मोखाड्याच्या चढावरची माती तांबूस आहे ती तिच्यातल्या लोहामुळे. तिचे कण इतके बारीक असतात की ते खळग्यांत जाऊन बसतात. वाळलेल्या मातीवर कोरडं फडकं मारणं म्हणजे पॉलिश पेपर मारणं. आधी ओलं गोणपाट किंवा जुना टॉवेल दहा मिनिटं बंपरवर टाकून ठेवा. माती मऊ झाली की पाणी ओता. मग भांडी धुवायच्या लिक्विडचे काही थेंब कोमट पाण्यात टाकून मऊ ब्रशने गोल-गोल फिरवा. दात घासायचा जुना ब्रश कोपऱ्यांसाठी उत्तम.

पांढरे, खडूसारखे चट्टे. हे बहुतेक वेळा आपणच पाडलेले असतात. पत्र्याला पॉलिश मारताना हात घसरतो आणि पॉलिश काळ्या प्लास्टिकवर लागतं. त्यातलं मेण आणि पांढरी पूड खळग्यांत बसून वाळते. कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रशने बरंच निघतं. उरलेल्या ठिपक्यांवर शाळेतलं पांढरं मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा. खोडरबर मेण स्वतःला चिकटवून बाहेर ओढतं. तरीही राहिलं तर मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्म्या पाण्यात मिसळून फडक्याला लावा, डागावर टेकवा आणि पुसून घ्या. हे काम करताना जवळ विडी-सिगारेट नको, कारण अल्कोहोल पेट घेतं.

पांढरे गोल ठिपके आणि ओघळ. गाडी बोअरवेलच्या पाण्याने धुतली आणि उन्हात तशीच सोडली की हे पडतात. पाणी उडून जातं, त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. तुमच्या घरातल्या नळाच्या तोंडावर बसतो तोच हा थर. साबणाने निघत नाही, कारण हा मळ नाही, क्षार आहे. त्याला सौम्य आंबट पदार्थ लागतो. पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारखं घ्या किंवा लिंबाचा रस पाण्यात पिळा. फडक्याने लावा, दोन-तीन मिनिटं थांबा, ब्रश फिरवा आणि भरपूर धुवा. आणि या वेळी कोरडं पुसा, नाहीतर तेच पाणी तेच ठिपके पुन्हा पाडेल.

डांबराचे ठिपके. पावसाळ्याआधी आणि नंतर रस्त्यांची डागडुजी निघाली की चाकामागच्या काळ्या पट्टीवर हे हमखास येतात. फणस कापताना आपण हाताला आणि विळीला तेल का लावतो? कारण चीक पाण्याला दाद देत नाही, तेलाला देतो. डांबराचंही तसंच. खोबरेल किंवा खायचं कुठलंही तेल कापसावर घेऊन ठिपक्यावर पंधरा मिनिटं टेकवून ठेवा. डांबर मऊ पडलं की फडक्याने उचला, पसरवू नका. प्रत्येक वेळी फडक्याची स्वच्छ बाजू घ्या. शेवटी साबणपाण्याने तेल पूर्ण काढा. ही शेवटची पायरी विसरलात तर तेलावर धूळ बसेल आणि डिझेलचीच गत होईल.

झाडाचा चीक. सावलीसाठी आंब्या-फणसाखाली गाडी लावली की हा पडतो. पद्धत डांबराचीच, तेल आणि मग साबण. नखाने किंवा पट्टीने खरवडू नका.

पक्ष्यांची विष्ठा, जांभळाचे डाग. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा, उचला, साबणाने धुवा. यात वेळ सर्वात महत्त्वाचा. त्याच दिवशी काढलं तर पाच मिनिटांचं काम, आठवडाभर उन्हात वाळलं तर तासाभराचं.

हळद-कुंकू. दसऱ्याला गाडीची पूजा होते आणि बंपरवर बोटं उमटतात. हळदीतला पिवळा रंग तेलात सहज विरघळतो आणि प्लास्टिकला धरतो. डब्यातली आमटी गेली तरी डबा पिवळा राहतो, तो यामुळेच. आधी कोरड्या मऊ ब्रशने पूड झाडा. लगेच पाणी मारलं तर तीच पूड रंग होऊन खळग्यांत उतरेल. मग साबणपाणी. कपड्याचा साबण लावल्यावर पिवळा डाग एकदम लालसर झाला तर घाबरू नका. हळद अल्कलीत लाल होते, कपड्यावरही हेच होतं. धुऊन टाका. उरलेली पिवळी झाक चार-आठ दिवसांच्या उन्हात आपोआप फिकट होते.

पान-गुटख्याची पिंक. ड्रायव्हरच्या खिडकीखालच्या काळ्या पट्टीवर हा डाग कुणाच्या गाडीवर नसतो? यात दोन डाग एकत्र असतात. कात तांबडा, चुना पांढरा. म्हणून एकाच उपायाने जात नाही. आधी भिजवून साबणाने तांबडा भाग काढा, मग उरलेल्या पांढऱ्या कडेला व्हिनेगरचं पाणी लावा.

शेवाळाची हिरवी झाक. चार महिने पावसात उभ्या असलेल्या गाडीच्या सांध्यांत आणि वायपरखालच्या जाळीत येते. साबणपाणी, ब्रश आणि नंतर थोडं व्हिनेगर. गाडी काही तास उन्हात उभी केली की परत लवकर येत नाही.

हे सल्ले ऐकू नका

रील्सवर आणि गॅरेजमध्ये हे उपाय सर्रास दिसतात. प्रत्येकाचं "का नको" समजून घ्या.

जळकं ऑईल. डिझेलचे सगळे तोटे यात आहेत. वर इंजिनातली काजळी आणि धातूचा चुरा. हात काळे, माल चढवणाऱ्याचे कपडे काळे.

बुटाचं पॉलिश. मेण आणि काळा रंग. पहिल्या जोराच्या पावसात ओघळून पत्र्यावर येतं. पांढऱ्या गाडीवर तर विचारूच नका.

टूथपेस्ट आणि राख. दोन्ही घासणारे पदार्थ. पितळेच्या भांड्याला चमक हवी असते म्हणून राख चालते. इथे चमक नकोच आहे. शिवाय टूथपेस्टची पांढरी पूड खळग्यांत बसून नवा डाग तयार होतो.

तारेची घासणी आणि काथ्या. उंचवटे सपाट. परतीचा रस्ता नाही.

संडास साफ करायचं ॲसिड. खरं सांगायचं तर या ॲसिडने पॉलिप्रॉपिलीन विरघळत नाही, म्हणून लोकांना वाटतं चालतंय. पण ते ओघळून स्क्रू, पट्ट्या आणि पत्र्याच्या कडांवर जातं आणि तिथे गंज धरतो. डोळ्यांत उडालं तर त्याहून वाईट. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद शेडमध्ये तो जिवावर बेतू शकतो.

हीट गन. गरम हवा मारली की करडा बंपर डोळ्यांदेखत काळा होतो. व्हिडिओत जादू वाटते. उष्णतेने प्लास्टिकचा वरचा थर मऊ होतो आणि आतला तेलकट अंश वर येतो. काही महिन्यांत तो पुन्हा करडा होतो आणि दर वेळी प्लास्टिक आणखी ठिसूळ होतं. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतं आणि हीट गन त्याच्या कितीतरी वर जाते. हात दोन सेकंद जास्त थांबला की खरखरीतपणा गेला, बंपर वाकडा झाला.

एक बादली पुरते, ओढ्यात गाडी घालायची गरज नाही

आता थोडं पाण्याबद्दल, कारण खोडाळ्यात हा विषय टाळून चालत नाही.

मोखाडा तालुक्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच भागात आहे. आणि तरीही उन्हाळा आला की इथल्या पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते, बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. उतारावरून पाणी वाहून जातं आणि जे उरतं ते झरे, विहिरी आणि ओढ्यांतल्या डोहांत.

त्याच ओढ्यात पिकअप उतरवून, डिझेलच्या फडक्याने बंपर पुसून, वर पाणी ओतलं तर ते डिझेल कुठे जातं? खालच्या पाड्याच्या पिण्याच्या पाण्यात, गुरांच्या तोंडात. तेलाचा तवंग पाण्यावर लांबवर पसरतो आणि पाण्याला हवा मिळू देत नाही. ओढ्या-नदीत घाण सोडायला १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याने बंदी आहेच. पण कायद्याआधी शेजारधर्म आहे.

पाईप लावून धुतलं तर मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी सहज जातं. त्याऐवजी असं करा.

१. सकाळी लवकर किंवा सावलीत, बंपर थंड असताना सुरुवात करा. तापलेल्या प्लास्टिकवर साबण वाळतो आणि त्याचाच डाग पडतो.

२. एका बादलीत साधं पाणी, एका डब्यात दोन-तीन लिटर साबणपाणी.

३. ओलं गोणपाट टाकून माती भिजवा. इथेच निम्मं काम होतं.

४. मग्याने वरून खाली पाणी ओता, मग साबणपाण्याचा मऊ ब्रश. एका वेळी दोन हात लांबीचा भाग घ्या.

५. ब्रश साध्या पाण्यात हलवून मगच परत साबणात बुडवा. नाहीतर तुम्ही मातीनेच घासत राहाल.

६. धुवा आणि लगेच सुती किंवा मायक्रोफायबर फडक्याने कोरडं टिपा. दाबून टिपायचं, ओढायचं नाही.

७. उरलेल्या डागांसाठी वरचे उपाय, एकेक करून. दोन उपायांच्या मधे पाण्याने धुऊन घ्या.

बंपर, चाकाच्या पट्ट्या आणि आरशांची पाठ एवढ्यासाठी एक बादली, फार तर दीड बादली पुरते. धुतलेलं पाणी मातीत मुरेल अशा जागी, विहीर-ओढ्यापासून लांब जाऊ द्या.

वॉशिंग सेंटरला गेलात तर प्रेशरचा पाईप बंपरपासून किमान हातभर लांब धरायला सांगा. जवळून मारला तर सांध्यांतून पाणी आत जातं आणि ढिल्या झालेल्या कडा उचकटतात.

डाग नाही, बंपरच विटलाय. मग?

मांडवातली लाल खुर्ची पाच-सहा वर्षं उन्हात राहिली की काय होतं? गुलाबी-पांढरट होते आणि बसलं की पँटला पूड लागते. बंपरचंही तेच. उन्हातले अतिनील किरण प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडतात, वरचा थर भुसभुशीत होतो आणि आतली पांढरी टाल्क पूड उघडी पडते. बंपरमध्ये घातलेली काजळी उन्हापासून बचाव करते, म्हणून तो खुर्चीपेक्षा जास्त टिकतो. पण कायमचा नाही.

हे धुऊन परत येत नाही. यावर तीन मार्ग आहेत.

पहिला, ट्रिम ड्रेसिंग. दुकानात बाटलीत मिळतं. दुधासारखं पांढरं, पाण्यावर आधारलेलं घ्या. तेलकट, फार चमकणारं नको, ते ओघळतं आणि धूळ धरतं. स्पंजवर थोडं घेऊन लावा, पाच मिनिटांनी जास्तीचं पुसा. काही आठवडे टिकतं.

दुसरा, रंग धरणारं रिस्टोरर किंवा कोटिंग. हे महाग, पण महिनोन् महिने राहतं. अट एकच, बंपर पूर्ण तेलमुक्त हवा. डिझेल मारलेल्या बंपरवर हे धरतच नाही. तो दोन-तीनदा साबणाने धुऊन, शेवटी अल्कोहोलच्या पाण्याने पुसून घ्यावा लागतो. आणि लावल्यावर बाटलीवर लिहिलेला वेळ पाणी लागता कामा नये. म्हणून आपल्याकडे हे काम पावसाळ्यात काढू नका, दिवाळीच्या सुमारास करा.

तिसरा, काहीच करू नका. हेही उत्तर आहे. विटलेला पण स्वच्छ, एकसारखा करडा बंपर चट्ट्यापट्ट्यांच्या बंपरपेक्षा कितीतरी बरा दिसतो. ज्याला गाड्यांची पारख आहे असं गिऱ्हाईक उन्हाने विटलेलं प्लास्टिक समजून घेतं. ऑईल मारून लपवलेलं मात्र त्याला लगेच कळतं, आणि मग ते आणखी काय लपवलंय हे शोधायला लागतं.

एक सावधगिरी. ड्रेसिंग काहीही असो, चढायच्या पायदानावर, हौद्याच्या कडेवर आणि टायरच्या जमिनीला लागणाऱ्या भागावर लावू नका. पावसात गोणी घेऊन चढणाऱ्याचा पाय त्यावरून सटकला तर कंबर मोडेल.

पुन्हा डाग पडू नयेत म्हणून

पत्र्याला पॉलिश करण्याआधी काळ्या भागाच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावा. पांढऱ्या चट्ट्यांचा प्रश्नच मिटतो.

पूजेला हळद-कुंकवाची बोटं काचेवर किंवा रंगवलेल्या पत्र्यावर उमटवा. देवाला दोन्ही सारखंच.

बोअरवेलच्या पाण्याने धुतलंत तर कोरडं पुसल्याशिवाय हलू नका.

गाडी शक्यतो सावलीत लावा, पण फणसाखाली नको. शेड असेल तर तोंड आत करून लावा.

आणि पावसाळाभर आठवड्यातून एकदा माती भिजवून काढा. थर वर थर चढू दिले नाहीत तर दसऱ्याला दोन तास घासत बसावं लागत नाही.

थोडक्यात सांगायचं तर काळ्या बंपरला ताकद लागत नाही, वेळ लागतो. दहा मिनिटं भिजवलेलं गोणपाट, मऊ ब्रश, भांड्यांचं लिक्विड, लिंबू आणि चमचाभर तेल. सगळं घरातलं. तेवढ्यात गाडीचं तोंड उजळतं, आणि ओढ्याचं पाणीही खालच्या पाड्याला पिता येईल असं राहतं.

तुमच्या ओळखीत कुणी पिकअप चालवत असेल आणि त्याच्या सीटखाली डिझेलचं फडकं असेल, तर हे त्याला पाठवा. पावसाळा अजून बराच बाकी आहे.